ख्रिस्ती विश्वासात नव्याने आलेल्या तरुणांसाठी: शांती टिकवायची कशी

सभेत रडून मोकळं वाटतं, आठवडाभर झोप छान लागते आणि मग एका सकाळी पोटात तोच गोळा परत येतो. बहुतेकांचं इथंच बिनसतं. आपला विश्वासच कच्चा, असं समजून ते या सभेतून त्या सभेला पळत सुटतात. गाणी, गर्दी, स्पीकर यांनी चढलेला भर ओसरणारच. टिकते ती रोजची सवय, आणि ती छोटीच हवी.

रोज वीस मिनिटं पुरे. लातूरला किंवा संभाजीनगरला एका खोलीत चौघं राहत असतील तर एकांत कुठला? पहाटे पाण्याची गडबड सुरू व्हायच्या आत गच्चीवर जा, नाहीतर अभ्यासिकेत पुस्तक उघडण्याआधीची वीस मिनिटं धरा. बायबल छापील घ्या. मोबाइलवर वाचायला बसलं की वरून व्हॉट्सॲप टपकतंच. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करू नका, तिसऱ्या, लेवीयात पोचेपर्यंत दम निघतो. मार्ककृत शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय आहेत. रोज अर्धा वाचला तर महिन्याभरात होतं. वाचून झालं की वहीत दोन ओळी लिहा: एक समजलेली, एक न समजलेली. दुसरी ओळ रविवारी पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना विचारायची.

उरलेली दहा मिनिटं प्रार्थनेला. ‘प्रभू, माझं टेन्शन घे’ असं मोघम मागितलं की मन मोकळं होत नाही, कारण नेमकी भीती कशाची ते आपल्यालाही कळलेलं नसतं. ‘शुक्रवारी मेसचे पैसे द्यायचेत, बाराशे कमी पडतात, घरी मागायची लाज वाटते’ असं सरळ बोला. मग एखाद्या गोष्टीबद्दल आभार माना आणि आज करता येईल असं एकच काम ठरवा, मेसवाल्या काकांकडे चार दिवसांची मुदत मागायची, एवढंही चालेल. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात (४:६-७) चिंता, विनंती, आभार आणि शांती याच क्रमाने येतात, आणि प्रेषित पौलाने ते तुरुंगातून लिहिलंय. शब्दच सुचेनात तर स्तोत्र १३ मोठ्याने वाचा. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा सवाल चारदा येतो. देवाकडे तक्रार करायला बंदी नाही.

मंडळी, म्हणजे चर्च, एकच धरा. ‘गोळ्या बंद करा’, ‘घर सोडा’, ‘आधी पैसे द्या’ यांतलं एक जरी कानावर आलं तरी तिथून उठा. मुलींनी पाळकांना भेटायचं असेल तर पाळकीणबाई सोबत असू द्याव्यात. हरिपाठ ऐकत वाढलेल्यांना गिटारवरची गाणी परकी वाटू शकतात. त्यांनी ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातली रेव्हरंड टिळकांची पदं मागावीत.

घरी सांगण्याआधी स्टेटस ठेवू नका. गावाकडचा कुणीतरी चुलता ते पाहतो आणि आईला तिसऱ्याकडून कळतं. मग विश्वासापेक्षा लपवल्याचाच राग मोठा होतो. आधी आईला, समोर बसून सांगा. पोळा किंवा लग्नकार्य गाठून नको. प्रसाद घ्यावा का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उठेल. करिंथकरांस पहिल्या पत्राचे अध्याय ८ आणि १० पाळकांबरोबर वाचा, तोवर ताटावरून वाद घालू नका. देवघराची टिंगल तर कधीच नको.

एप्रिल-मे महिन्यात निर्जळी उपवास करू नका. मराठवाड्याच्या उन्हात चक्कर येते आणि तिला लोक भलताच अर्थ लावतात. दोन आठवडे झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबरच डॉक्टर हवा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

बाप्तिस्म्याची घाई नको. अठरा पूर्ण नसतील तर थांबाच. अनुसूचित जातीचा दाखला असेल तर १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आधी समजून घ्या: त्यानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांखेरीज इतर धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा धरत नाहीत. शिष्यवृत्ती आणि राखीव जागा दोन्ही यावर अवलंबून असतात. पाळकांना हे बारकावे ठाऊक असतीलच असं नाही, म्हणून वकिलाला विचारा. दाखल्याच्या भीतीपोटी खोटं लिहून देऊ नका. पुढे पडताळणीत ते अंगाशी येतं.