पहिला गेमिंग पीसी जोडताना हवेची वाट आधी ठरवा

सुट्या भागांच्या यादीची पहिली ओळ मॉनिटरची लिहा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड त्यानंतर. कार्डाला किती राबावं लागणार हे स्क्रीनवरचे पिक्सेल ठरवतात. १९२० × १०८० च्या स्क्रीनवर साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० × १४४० वर ३६.९ लाख आणि ४के (३८४० × २१६०) वर ८२.९ लाख, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. हा सगळा भार कार्डावर पडतो. प्रोसेसरचं तसं नाही. स्क्रीन लहान असो वा मोठी, एका फ्रेममागे, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्रामागे, त्याला जवळपास तेवढंच काम असतं. त्याची दमछाक होते ती फ्रेमची संख्या वाढली की. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर प्रत्येकीला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ ला जेमतेम ७. म्हणून ४के वर निवांत कथानकाचे गेम खेळणाऱ्याने कार्डावर पैसे घालावेत आणि प्रोसेसर मधला घ्यावा. १०८० वर २४० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला २४० फ्रेमने, नेमबाजी करणाऱ्याचा हिशेब उलटा.

मॉनिटर ठरला की कार्ड आपोआप दोन-तीन नावांवर येतं. इथे मी दोनच आकडे बघते: मेमरी आणि वॅट. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०६० मध्ये ८ जीबी मेमरी आहे. १०८० ला ती चालते, पण १४४० वर टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवरची चित्रं) सगळ्यात वरच्या सेटिंगला नेलं की नव्या गेममध्ये अपुरी पडू लागते. आरटीएक्स ५०७० मध्ये १२ जीबी, तर एएमडीच्या आरएक्स ९०७० एक्सटीमध्ये १६ जीबी. वॅटचा आकडा लोक फक्त पॉवर सप्लाय निवडण्यापुरता बघतात आणि मला नेमकं तेच खटकतं. ५०६० चा आकडा १४५ वॅट, ५०७० चा २५०, ९०७० एक्सटीचा ३०४ आणि ५०९० चा ५७५. कार्डात शिरलेली वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. थोडक्यात, तुम्ही एका पेटीत तेवढ्या वॅटचा हीटर बसवताय, आणि त्याचे स्वतःचे पंखे ती गरम हवा बहुतांशी त्याच पेटीत सोडतात.

माझ्या भाच्याने त्याची यादी मला दाखवली तेव्हा त्यात प्रोसेसरसाठी ३६० मिमीचा लिक्विड कूलर (पंपाने पाणी फिरवून थंड करणारा) होता आणि पुढून अखंड काच असलेलं कॅबिनेट. दिसायला झकास. पण हिशेब करून बघा. गेम खेळताना सहा-आठ कोअरचा (म्हणजे आत तेवढे काम करणारे भाग असलेला) प्रोसेसर बहुतेक वेळा शंभर वॅटच्या आतच असतो, कार्ड मात्र अडीचशे-तीनशे. म्हणजे उष्णतेचा मोठा वाटा कार्डाचा, आणि महागडं थंडाव्याचं यंत्र लहान वाट्यावर बसवलेलं. वर समोरची काच हवा आत येऊ देईना. त्याला मी एवढंच सांगितलं की कूलरचे अर्धे पैसे वाचव आणि जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट घे.

जाळी खरी हवी. काही कॅबिनेटना जाळीसारखी दिसणारी नक्षी असते आणि तिच्यामागे बंद प्लास्टिक. पुढचं पॅनल काढून प्रकाशासमोर धरा, पलीकडचं दिसलं पाहिजे. पुढे १४० मिमीचे दोन किंवा १२० मिमीचे तीन पंखे हवा आत घेणारे, मागे १२० मिमीचा एक बाहेर टाकणारा. पहिल्या पीसीला एवढं पुरतं. छतावर पंखा लावायचाच असेल तर मागच्या बाजूला लावा. छताच्या पुढच्या टोकाला लावलेला पंखा समोरून आत आलेली थंड हवा प्रोसेसरच्या कूलरपर्यंत पोचायच्या आधीच वर ओढून घेतो. दाखवायला एक पंखा जास्त आणि काम उणे.

पंख्याची दिशा ओळखायला सोपी आहे: ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा किंचित जास्त ठेवा. मग कॅबिनेटच्या फटींतून हवा बाहेरच ढकलली जाते आणि धूळ येते ती फक्त फिल्टरमधून. फिल्टर धुता येतो, मदरबोर्ड धुता येत नाही.

आता प्रोसेसर. एएमडीच्या रायझन ५ ७६०० सारखा ६५ वॅटचा सहा कोअरचा प्रोसेसर पहिल्या पीसीला पुष्कळ होतो आणि त्याच्या खोक्यात कूलरही येतो. तो कूलर काम भागवतो, पण आवाज करतो. रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतलीच जलद मेमरी) आहे आणि गेममध्ये त्याचा फायदा स्पष्ट दिसतो; वीजही तो बेताचीच खातो. दुसऱ्या टोकाला इंटेलचा कोअर आय९-१४९००के: त्याच्या कागदावर १२५ वॅटही लिहिलेत आणि २५३ वॅटही, आणि भार आला की खरा ठरतो तो दुसरा. कागदावरचा हा वॅटचा आकडा (टीडीपी) म्हणजे प्रत्यक्षात खाल्ली जाणारी वीज नव्हे. ६५ वॅटच्या ७६०० लाही सॉकेटमधून (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) ८८ वॅटपर्यंत ओढायची मुभा असते.

एअर कूलर की लिक्विड? गेमिंगच्या सहा-आठ कोअरच्या प्रोसेसरला चांगला टॉवर कूलर (धातूच्या पात्यांचा उंच एअर कूलर) पुरतो, हे माझं ठाम मत. त्याच्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. आत थोडंसं पाणी असतं. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ वरच्या पात्यांकडे जाऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतलं सच्छिद्र अस्तर ते पाणी खाली ओढून आणतं. यात हलणारा भाग एकच, तो म्हणजे बाहेरचा पंखा, आणि तो बिघडला तर कुठलाही १२० मिमीचा लावता येतो. लिक्विड कूलरमध्ये पंप असतो, तो झिजतो. रबरी नळ्यांतून पाणीही वर्षानुवर्षं कणाकणाने झिरपून कमी होतं. अडीचशे वॅटचा प्रोसेसर तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करणार असेल तर लिक्विड घ्याच. पण केवळ गेमसाठी असेल तर त्याच पैशात कार्ड एक पायरी वर जातं का ते आधी बघा.

लिक्विड घेतलाच तर एक नियम मोडू नका: पंप हा सगळ्यात उंच बिंदू असता कामा नये. आत थोडी हवा राहतेच आणि ती वर जमते. रेडिएटर (पाणी जिथे थंड होतं तो पात्यांचा भाग) छताला लावला तर प्रश्नच नाही. पुढे उभा लावलात तर त्याचं वरचं टोक पंपाच्या वर राहील असा बसवा. खाली, तळाला रेडिएटर आणि वर पंप अशी मांडणी केली तर पंप हवा गिळत खुळखुळत राहतो.

टॉवर कूलर घेताना उंची मोजा. नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५ मिमी उंच आहे आणि कितीतरी कॅबिनेटांत १६० च्या पुढे जागा नसते. कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची आणि कार्डाची कमाल लांबी दोन्ही लिहिलेली असतात. पुढे रेडिएटर लावलात तर कार्डाच्या लांबीतून त्याची जाडी वजा करा. हे लोक विसरतात. रॅमवर दिव्यांचे उंच तुरे असतील तर तेही कूलरच्या पंख्याला अडतात.

बाकीचं भराभर सांगते. वरच्या रायझनच्या एएम५ सॉकेटला डीडीआर५ जातीचीच रॅम लागते. रॅमच्या दोन पट्ट्या घ्या, एक नको; १६ जीबीच्या दोन छान. बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. नंतर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सपो किंवा एक्सएमपी ही रॅमच्या वेगाची सेटिंग चालू करा, नाहीतर विकत घेतलेला वेग कागदावरच राहतो. साठवणीला १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे मदरबोर्डवरच बसणारी जलद ड्राइव्ह. मदरबोर्ड निवडताना दिव्यांऐवजी पंख्यांचे चार पिनांचे हेडर (पंख्याची वायर लावायच्या जागा) किती आहेत ते मोजा, आणि प्रोसेसर न लावता बायोस अपडेट करायचं बटण असेल तर उत्तम.

पॉवर सप्लायवर कंजुषी नको. ५०७० आणि साध्या प्रोसेसरला ६५० वॅटचा चांगला सप्लाय भरपूर. '८० प्लस गोल्ड' हा शिक्का विजेची बचत सांगतो. आतले भाग किती टिकाऊ आहेत याबद्दल तो गप्प असतो, तेव्हा वॉरंटी किती वर्षांची तेही बघा. एका सप्लायच्या सुट्या केबल दुसऱ्याला लावू नका, अगदी खाच जुळली तरी. सप्लायकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते आणि चुकीच्या पिनेवर १२ व्होल्ट गेले की ड्राइव्ह जळते. कार्डाला १६ पिनांचा कनेक्टर असेल तर तो पूर्ण आत जाईपर्यंत दाबा आणि तोंडाशीच केबल मुरडू नका. २०२२ मध्ये हे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या तेव्हा अर्धवट बसलेला प्लग हे एक मोठं कारण निघालं.

जोडताना कूलरच्या तळाची प्लास्टिकची पारदर्शक चकती काढा. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी. कूलरचे स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. पहिल्यांदा चालू केल्यावर डीडीआर५ रॅमची जुळवाजुळव होईपर्यंत काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते, तेव्हा घाबरून वीज तोडू नका. मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही, आणि विंडोजमध्ये रिफ्रेश रेट १४४ वर नेलाय ना ते तपासा.

मग पंख्यांचा वेग. मी रात्री खेळते, घरातले झोपलेले असतात, त्यामुळे या कामात माझा जीव गुंतलेला आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो. म्हणून एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा तीन सावकाश फिरवलेले बरे. मदरबोर्ड सहसा कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानाला बांधतो आणि ते तापमान ब्राउझर उघडला तरी उडी मारतं. मग पंखे उगाच घूं-घूं करत वरखाली होत राहतात. बायोसमध्ये वेग बदलण्याआधीचा विलंब काही सेकंदांनी वाढवा. त्याहून चांगलं म्हणजे पंखे नियंत्रित करणारं सॉफ्टवेअर टाकून समोरचे पंखे ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाला बांधा, कारण खरी भट्टी तीच आहे.

तापमान तपासायचं ते अर्धा तास गेम खेळून. दुसऱ्या कोणाच्या आकड्यांशी तुलना करण्याआधी खोलीचं तापमान वजा करा. २२ अंशांच्या खोलीत ६५ वर असलेला प्रोसेसर ३५ अंशांच्या खोलीत ७८ च्या आसपास जाणारच, त्यात कूलरचा दोष नाही. रायझन ७००० मालिकेतले बहुतेक प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालतील असेच बनवलेत, ७८००एक्स३डी ची मर्यादा ८९.

आता कार्डाचा आकडा बघत कॅबिनेटची बाजूची काच काढा आणि गेम चालूच ठेवा. दहा मिनिटांत कार्ड दोन-तीन अंशांनीच उतरलं तर हवेची वाट मोकळी आहे, काच परत लावा. आठ-दहा अंशांनी उतरलं तर कॅबिनेट गुदमरतंय: आधी पुढचे फिल्टर आणि पंख्यांची दिशा तपासा, मग समोर एक पंखा वाढवा, आणि तरीही फरक नसेल तर कॅबिनेट बदला. कूलर बदलून इथे काही होणार नाही.