पळताना कंबर का दुखते, कारण स्वतः कसं शोधायचं

सहा-सात किलोमीटर मस्त पळून होतात, दमही फारसा लागलेला नसतो, आणि मग पँटच्या पट्ट्याच्या जरा खाली काहीतरी आवळल्यासारखं व्हायला लागतं. थांबून पुढे वाकलं, दोन मिनिटं चाललं की बरं वाटतं, पळायला लागलं की परत सुरू. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी करताना माझं हे जवळपास चार महिने चाललं होतं आणि तेवढ्या काळात मी बूट बदलले, कंबरेला बेल्ट बांधला, मालिश करून घेतलं, ग्रुपमध्ये जो जे सांगेल ते करून बघितलं. कारण निघालं मांडीत. त्यामुळे ज्यांची कंबर पळताना धरते त्यांना मी पहिल्यांदा हेच सांगतो की उपाय नंतर करा, आधी ती कधी दुखते ते बघा, कारण दुखणं कंबरेत असलं तरी दुखवणारं बरेचदा वर-खाली कुठेतरी असतं आणि त्याचा पत्ता वेळेवरून लागतो.

पायरी १: आधी हे बघा की पळणं आत्ताच थांबवायला हवं का

हे आधी सांगतोय कारण यात चालढकल चालत नाही. लघवी होत नाहीये किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेलाय, दोन्ही मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आलाय, पायातली ताकद कमी होऊन पाऊल घसटतंय, यातलं काहीही असेल तर उद्याची अपॉइंटमेंट वगैरे बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलला जा. एखादी नस दबणं वेगळं आणि हे वेगळं, यात तास मोजायचे असतात.

बाकी काही लक्षणं अशी आहेत की चार-आठ दिवसांत डॉक्टरांना दाखवाच. ताप, रात्री घाम, कारण नसताना वजन उतरतंय आणि सोबत पाठ दुखतेय, तर आपल्याकडे मणक्याचा टीबी तपासून घ्यावाच लागतो. पूर्वी कॅन्सर झालेला असेल किंवा बरेच दिवस स्टेरॉइड चालू असतील तर घरी प्रयोग करत बसू नका. दुखणं कुशीतून जांघेकडे उतरतंय, लाटेसारखं येतंय, कसंही बसलं-झोपलं तरी फरक पडत नाही, तर तो मूतखडा असू शकतो, उन्हाळ्यात पाणी कमी पिऊन लांब पळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि ज्या मुलींची-बायकांची पाळी अनियमित झालीय किंवा थांबलीय, खाणं कमी आणि पळणं जास्त चाललंय, त्यांना माकडहाडाच्या वर एका बाजूला खोलवर दुखत असेल तर तिथे हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. ती व्यायामाने बरी होत नाही, पळणं थांबवावंच लागतं.

पायरी २: दोन आठवडे लिहून ठेवा

फोनमध्ये लिहा, कॅलेंडरवर लिहा, कुठेही. किती पळालो, कुठे पळालो, दुखणं कितव्या किलोमीटरला सुरू झालं, मधोमध की एका बाजूला, दहापैकी किती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना कसं होतं. त्याआधीच्या दिवशी किती तास बसून होतात तेही लिहा. हे शेवटचं कुणी लिहीत नाही आणि माझं कोडं तिथेच सुटलं, कारण सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कंबर जवळपास गप्प असायची आणि ऑफिसात बसून काढलेल्या दिवसांनंतर, बुधवारच्या पळण्यात, हमखास दुखायची.

पायरी ३: आता वेळेवरून कारण ओळखा

*अगदी सुरुवातीला दुखतं, मग कमी होतं.* आपण पहाटे पाचला उठतो, साडेपाचला पळायला लागतो. रात्रभर झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर पाठ ताठ असते आणि खोल वाकलं की गादीवर नेहमीपेक्षा जास्त ताण येतो. आणि आपण नेमकं तेव्हाच वॉर्मअप म्हणून पायाचे अंगठे धरायला वाकतो! पहाटेच्या वॉर्मअपमधून ते वाकणं काढून टाका, त्याऐवजी दहा मिनिटं भरभर चाला, गुडघे उचला, मग हळू जॉगिंग.

यातच एक वेगळा प्रकार आहे. वय ४५ च्या आत, तीन महिन्यांपेक्षा जास्त दिवस दुखतंय, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेलं राहतं, पहाटे दुखण्याने जाग येते आणि गंमत म्हणजे पळाल्यावर बरं वाटतं, आराम केला की वाढतं. हा सांध्यांच्या सुजेचा आजार असू शकतो, त्याला संधिवाताच्या डॉक्टरांनाच दाखवायचं. लोक पाच-सात वर्षं 'कंबर आखडते' म्हणून काढतात आणि तेवढ्यात नुकसान होऊन जातं, म्हणून एवढं लांबवून सांगतोय.

*पाच-सहा किलोमीटरनंतर हळूहळू वाढत जातं.* ऑफिसात बसणाऱ्यांचं बहुतेक वेळा हेच. मांडी पोटाकडे उचलणारा एक मोठा स्नायू आहे, सोआस, तो थेट कंबरेच्या मणक्यांच्या बाजूंपासून निघतो आणि खाली मांडीच्या हाडाला जाऊन चिकटतो. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत तो आखडलेल्याच अवस्थेत राहतो, वरून तास-दीड तास बाइक किंवा कार. मग पळताना पाय मागे जायला हवा तेव्हा तो सुटत नाही, ओटीपोटाचं हाड पुढे झुकतं आणि कंबरेची खोलगट कमान अजून खोल होते. त्यात कुल्ल्याचे स्नायू बसून बसून सुस्तावलेले, मग त्यांचं काम कंबरेचे स्नायू करतात, पाच-सहा किलोमीटर करतात बिचारे, नंतर थकतात आणि आवळतात. पुढे वाकल्यावर लगेच बरं वाटतं ते यामुळेच.

*चढावर दुखतं.* साताऱ्याला २१ किलोमीटरपैकी पहिला जवळपास अर्धा भाग यवतेश्वरचा घाट चढायचा असतो आणि मग तोच उतरायचा. चढताना बहुतेक जण कंबरेतून पुढे वाकतात, नजर बुटांवर, म्हणजे अख्खं धड कंबरेच्या स्नायूंनी तोलून धरलेलं. वाकायचं ते घोट्यातून, टाच ते डोकं एक सरळ रेषा, नजर दहा-पंधरा पावलं पुढे. जमत नसेल तर तिथे चाला, चालण्यात काहीही कमीपणा नाही.

*उतारावर दुखतं.* वेग आवरायला आपण मागे रेलतो, पाऊल लांब पुढे टाकतो आणि टाचेवर आपटतो. सपाटीवर पळतानासुद्धा प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट जोर येतो, उतारावर अजून जास्त, आणि मागे रेललेल्या कमरेत मणक्यांचे मागचे छोटे सांधे एकमेकांवर दाबले जातात. पावलं छोटी आणि भराभर टाकायची, ब्रेक मारत उतरायचं नाही. बारा ते अठरा वयाच्या मुलांना मागे वाकलं की एका बाजूला नेमकं एका जागी दुखत असेल (फास्ट बॉलर, पळणारे, जिम्नॅस्टिक करणारे) तर तिथे मणक्याला चीर असू शकते, खेळ थांबवून तपासून घ्या, 'वाढीचं वय आहे, दुखणारच' असं म्हणू नका.

*नेहमी एकाच बाजूला दुखतं.* आपले रस्ते पाणी वाहून जायला मधे उंच, कडेला उतरते असतात. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून आपण उजव्या कडेने पळतो, ते बरोबरच आहे, पण मग उजवा पाय रोज डाव्यापेक्षा खाली पडतो. मैदानात रोज एकाच दिशेने फेऱ्या मारणाऱ्यांचंही असंच. आठवड्यातून दोनदा सपाट जागी पळा, मैदानात दिशा बदला. हातात फोन किंवा बाटली धरत असाल तर तेही अदलाबदल करा.

*दुखणं कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरतं, मुंग्या येतात, खोकलं-शिंकलं की झटका बसतो.* इथे गादी आणि नस आली. पुढे वाकून, बराच वेळ बसून वाढतं का बघा. वाढत असेल तर पश्चिमोत्तानासन सध्या बंद ठेवा. उलट ज्यांना मागे वाकलं की दुखतं त्यांनी भुजंगासन बंद ठेवा. तेच आसन एकाला औषध आणि दुसऱ्याला त्रास, त्यामुळे शेजाऱ्याचा व्यायाम उचलू नका.

यातलं कशातच बसत नसेल तर गेल्या सहा आठवड्यांचं अंतर बघा. एकदम वाढवलंय का? बूट ५००-८०० किलोमीटर झालेत का? बरेचदा एवढंच असतं.

पायरी ४: घरच्या घरी तीन चाचण्या

पहिली: दिवाणाच्या कडेला उताणे झोपा, एक गुडघा छातीशी धरा, दुसरा पाय कडेवरून सैल सोडा. सोडलेली मांडी हवेतच वर राहिली, दिवाणाच्या पातळीला आली नाही, तर सोआस आखडलाय. माझी डावी मांडी चांगली वीतभर वर होती.

दुसरी: उताणे झोपून गुडघे दुमडा, एक पाय सरळ करा आणि दुसऱ्या पायावर कंबर उचलून वीस-तीस सेकंद धरा. कुल्ल्यात ताण जाणवायला हवा. मांडीच्या मागे वांब आला किंवा कंबरच भरून आली तर कुल्ला काम करत नाहीये.

तिसरी: कुणालातरी बाजूने आणि मागून व्हिडिओ काढायला सांगा, पळून दमल्यावर, ताजेतवाने असताना नाही. पाऊल गुडघ्याच्या बरंच पुढे पडतंय का, आणि मागून शॉर्ट्सचं इलॅस्टिक प्रत्येक पावलाला एका बाजूला खाली झुकतंय का ते बघा. अर्ध्या मिनिटात उजवं पाऊल किती वेळा पडलं ते मोजा, चारने गुणा, ही झाली मिनिटाची पावलं. आकडा १६० च्या खाली असेल तर पाऊल बहुतेक लांब पडतंय, हा आकडा पाच टक्क्यांनी वाढवून बघा, सगळे सांगतात म्हणून एकदम १८० च्या मागे लागू नका.

पायरी ५: एका वेळी एकच गोष्ट बदला

नवीन बूट, नवीन स्टाइल आणि नवीन व्यायाम एकाच आठवड्यात केलं तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही. मांडी आखडली असेल तर एक गुडघा जमिनीवर टेकवून, त्याच बाजूचा कुल्ला आवळून, कंबर न वाकवता जरा पुढे सरका, तीस सेकंद, तीन वेळा, दोन्ही बाजू, रोज. कुल्ल्यासाठी ब्रिज (उताणे झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलायची), बाराचे तीन सेट. कंबरेला आधार म्हणून साइड प्लँक (कुशीवर, कोपरावर अंग सरळ तोलून धरायचं) आणि हात-गुडघ्यांवर येऊन उलटसुलट हात-पाय सरळ धरायचा बर्ड-डॉग, दहा-दहा सेकंद. ताकदीचे हे व्यायाम आठवड्यातून तीनदा केले तर सहा ते आठ आठवड्यांत फरक कळतो, त्याआधी सोडू नका. ऑफिसात दर पाऊण तासाने उठा, मला सगळ्यात जास्त फायदा याचा झाला.

पेनकिलर घेऊन पळू नका. एक तर दुखण्याची खूण मिटते आणि दुसरं म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या अंगातलं पाणी कमी झालेलं असताना किडनीवर भार टाकतात.

आणि एमआरआयबद्दल. रिपोर्टमध्ये 'गादी सरकलीय' वाचून पळणं कायमचं सोडलेले लोक मी पाहिलेत, फार वाईट वाटतं. काहीही दुखत नसलेल्या ३ हजारांवर लोकांच्या स्कॅनचा आढावा २०१५ मध्ये आला होता, त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, आणि दुखत तर कुणालाच नव्हतं. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात ७९ जणांवर केलेल्या अभ्यासात नियमित पळणाऱ्यांच्या गाद्या न पळणाऱ्यांपेक्षा चांगल्या निघाल्या. म्हणून रिपोर्ट हातात आला की आपली लक्षणं त्याच्याशी जुळतात का हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

पायरी ६: परत पळायला लागताना

दुखणं दहात दोन-तीनच्या आत असेल, पळताना वाढत नसेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवत असेल तर पळायला हरकत नाही. त्यावर गेलं तर त्या दिवशी चाला, पण अंथरुणाला खिळून राहू नका, दिवस-दोन दिवसांपेक्षा जास्त आडवं पडल्याने कंबर अजून आखडते. सुरुवात दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं अशी करा, सपाट रस्त्यावर. सपाटीला दहा किलोमीटर सलग गप्प गेले की मग चढ, आणि उतार सगळ्यात शेवटी. सहा आठवडे हे सगळं नीट करूनही कंबर तिथेच असेल तर ती दोन आठवड्यांची नोंद आणि व्हिडिओ घेऊन, पळणाऱ्यांना तपासणारा एखादा फिजिओ गाठा, त्याचं अर्धं काम तुम्ही आधीच केलेलं असेल.