फायरप्लेस नाही? मग ख्रिसमसचे मोजे टांगायचे कुठे

डिसेंबर लागला की हा प्रश्न येतोच. स्टॉकिंग, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्री भेटवस्तूंनी भरायचे ते मोठे मोजे, आणलेत हौसेने, पण घरात फायरप्लेसच नाही, मग आता काय.

आधी मनातली खंत काढून टाका. फायरप्लेसचा आणि मोज्याचा संबंध एवढाच की ओले मोजे वाळत घालायला घरातली ती सगळ्यात ऊबदार जागा. संत निकोलसची गोष्ट बहुतेकांना माहिती असते, चौथ्या शतकातले मायराचे (आजच्या तुर्कस्तानातलं गाव) बिशप, एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप सोनं टाकलं आणि ते वाळत घातलेल्या मोज्यात जाऊन पडलं, आणि म्हणूनच मोज्याच्या टोकाशी संत्रं घालतात असं सांगतात, सोन्याच्या गोळ्याची आठवण म्हणून. पण गंमत अशी की जुन्या गोष्टीत त्यांनी ते सोनं खिडकीतून आत टाकलंय, धुराडं नंतर घुसलंय. तेव्हा खिडकीपाशी मोजे लावले तर तुम्ही मुळातल्या गोष्टीच्या जास्त जवळ आहात. आणि पलंगाच्या पायथ्याशी मोजा बांधणं हीसुद्धा जुनीच पद्धत आहे, त्यात कमीपणा काही नाही.

म्हणजे जागा हा प्रश्नच नाही, खरा प्रश्न वजनाचा आहे, आणि तो सहसा कुणी लक्षात घेत नाही. माझा लोकरीचा मोजा रिकामा असताना 120 ग्रॅम भरला आणि भरल्यावर तोच 1 किलो 400 ग्रॅम. महिनाभर भिंतीवर झकास दिसणारा मोजा शेवटच्या रात्री दहापट जड होतो, आणि आपण हुक घेतलेला असतो तो रिकाम्या मोज्याकडे बघून. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदा भरून बघा, सामान अजून आणलं नसेल तर अंदाजाने काहीतरी कोंबा, आणि मगच ठरवा कुठे टांगायचं.

हे शहाणपण मला धडपडून आलंय. पहिल्या वर्षी मी भिंतीला दोन चिकट हुक लावले, मध्ये छान ताठ दोरी ओढली आणि त्यावर चार मोजे. सगळ्यांनी कौतुक केलं. रात्री दोनला धाडकन आवाज, उठून बघतो तर सगळं जमिनीवर, एक संत्रं सोफ्याखाली आणि भिंतीवरून तळहाताएवढा रंगाचा पोपडा हुकासकट निघालेला. भाड्याचं घर होतं, त्यामुळे पुढचं काय ते समजून घ्या.

चूक हुकाची नव्हती, दोरीची होती. दोरी जितकी ताठ तितकी टोकांवर ओढ जास्त. चार मोज्यांचं मिळून 4 किलो वजन धरा, दोरी टोकाशी फक्त 10 अंश खाली झुकलेली असेल तर प्रत्येक हुकावर साडेअकरा किलोच्या आसपास ओढ येते, आणि ती पण जवळजवळ आडवी, जिच्यासाठी चिकट हुक बनवलेलाच नसतो. तीच दोरी 30 अंश झुकू दिली तर प्रत्येक टोकाला 4 किलो. म्हणून दोरी लावायचीच असेल तर चांगला झोल ठेवा, दिसतेही छान, आणि भरलेले मोजे त्यावर नकोतच. नाहीतर दोरीऐवजी काठी वापरा. काठीवर सगळं वजन सरळ खाली जातं, दोन टोकांना निम्मं निम्मं, भानगडच नाही.

काठीचं कसं करायचं ते जरा नीट सांगतो कारण मला तीच सगळ्यात आवडते. साधारण 90 सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर जाड, वाळलेली फांदी चालेल किंवा गोल लाकडी दांडा, ओली फांदी नको, ती वाकते. दोन्ही टोकांपासून चार बोटं आत सुतळी बांधायची, घसरू नये म्हणून तिथे चाकूने थोडी खाच पाडायची. दोन्ही सुतळ्या सरळ वर दोन वेगळ्या खिळ्यांवर किंवा हुकांवर न्यायच्या, दोन्ही मिळून वर एकाच खिळ्यावर नको, कारण मग एका बाजूचा मोजा काढला की काठी तिरकी होते आणि उरलेले सगळे घसरत एका कोपऱ्यात जमा होतात. चार मोजे 20 सेंटिमीटरच्या अंतराने आरामात बसतात.

भिंतीला खिळा मारायची परवानगी नसेल तर चिकट हुक, म्हणजे मागे ताणून काढता येणारी चिकट पट्टी असलेले, वाईट नाहीत, फक्त घाई करायची नाही. जागा रबिंग अल्कोहोलने (औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसायची, घरातल्या फरशी पुसायच्या लिक्विडने नाही, त्याचा थर राहतो आणि पट्टी धरत नाही. पट्टी लावून 30 सेकंद घट्ट दाबून धरा, आणि मग एक तास काहीही टांगू नका, हे एक तासाचं कुणी पाळत नाही आणि मग हुकाला शिव्या देतात. भिंतीला नवा रंग दिलेला असेल तर निदान आठवडाभर थांबा. वॉलपेपरवर, विटांवर, खरखरीत भिंतीवर लावूच नका. गुळगुळीत दार, कपाटाची बाजू, काच, टाइल, इथे ते उत्तम बसतात. पाकिटावर किती किलोचा ते लिहिलेलं असतं, मी त्याच्या निम्मंच खरं धरतो.

खिडकीत किंवा दाराच्या चौकटीत टेन्शन रॉड बसवता येतो, तो स्प्रिंगवाला, दोन्ही टोकांना रबर असलेला, पिळून घट्ट करायचा. खिळा नाही, ड्रिल नाही. पण जितका लांब ओढाल तितका कमकुवत, त्यामुळे अरुंद खिडकीतच लावा, आणि दारात लावलात तर उंच माणसाच्या तोंडावर मोजे येणार. आधीच पडद्याचा रॉड भिंतीत पक्का असेल तर मग विषयच संपला, एस आकाराचे हुक घ्या आणि टांगा.

घरात जिना असेल तर मात्र बाकी काही बघूच नका. कठडा चिकट हुकापेक्षा कितीतरी मजबूत असतो. रिबिन आडव्या दांड्याला नुसती गुंडाळली तर मोजे उतारावरून घसरत सगळे खाली गोळा होतात, म्हणून प्रत्येक रिबिनीचा एक वेढा उभ्या गजालाही द्या. आणि मोजे कठड्याच्या बाहेरच्या अंगाला सोडा, पायऱ्यांच्या बाजूला नको, अंधारात कुणाच्या तरी पायात येणार.

पुस्तकांचं शेल्फ हा बिनखर्चाचा उपाय. लांब रिबिन घ्यायची, एक टोक मोज्याच्या लूपला, बाकीची रिबिन शेल्फवर आत नेऊन वर जाडजूड पुस्तकं ठेवायची. शेल्फ मात्र भिंतीला पक्कं केलेलं हवं. याच कामासाठी लोखंडी वजनदार होल्डरही मिळतात, वर चांदणी वगैरे असलेले, दिसायला देखणे, पण घरात लहान मूल असेल तर मी ते घेणार नाही. मूल मोजा ओढणारच, मोजा ओढण्यासाठीच असतो, आणि ते लोखंड सरळ डोक्यावर येतं.

फ्रिज किंवा लोखंडी कपाटावर मॅग्नेटचे हुक लावणार असाल तर एक लक्षात ठेवा, त्यावर लिहिलेला किलोचा आकडा चुंबक सरळ ओढून काढायला लागणाऱ्या जोराचा असतो. उभ्या पत्र्यावर चुंबक निघत नाही, घसरतो, आणि तो त्यापेक्षा खूप कमी वजनाला घसरायला लागतो. चौथा हिस्सा धरून चाला, रबर लावलेला असेल तर जरा जास्त. आणि स्टीलच्या काही दारांना चुंबक चिकटतच नाही, विकत घ्यायच्या आधी फ्रिजवरचं एखादं खेळणं लावून बघा.

बाकी कोटाचा स्टँड, खुर्चीची पाठ, दाराची मूठ, पलंगाचा खांब, ह्यात सांगण्यासारखं काही नाही, बांधा आणि मोकळे व्हा. बिल्डिंगच्या सामाईक पॅसेजमध्ये किंवा बाहेर पडायच्या वाटेत मात्र काही अडकवू नका. आणि ऊब म्हणून हिटरच्या वर तर अजिबात नको, हिटर आणि मेणबत्त्यांपासून निदान 1 मीटर लांब.

आता मोज्याबद्दल. हुक टिकला तरी वरचा लूप तुटतो, विकतच्या मोज्यांना तो बऱ्याचदा दोन टाक्यांवर उभा असतो. बोट घालून जोरात ओढून बघा, चरचर आवाज आला तर बटणाच्या जाड दोऱ्याने फुलीचे सात-आठ टाके घाला. दहा मिनिटांचं काम आहे.

भरताना टोकात संत्रं, टाचेपाशी मऊ वस्तू म्हणजे मोजा आकार धरतो, आणि लांब वस्तू वर डोकावतील अशा. बरणी, पुस्तक, काचेचं काही असेल तर ते मोज्यात न घालता खाली जमिनीवर ठेवा. आणि भरून खूपच जड झाला तर सरळ टांगणं सोडा, हुकाच्या बरोबर खाली भिंतीला टेकवून बसवा. सकाळी मुलांना तो तसाच दिसला तर त्यांना वाटतं भरून भरून खाली आला, आमच्याकडे तर आता तीच मजा झालीय.

कुत्रा असेल तर खाऊचे मोजे त्याच्या तोंडाला पोचणार नाहीत इतके वर हवेत, चॉकलेट, मनुका आणि झायलिटॉलवाली शुगरफ्री च्युइंगम, तिन्ही त्याला विषारी. लहान मुलांच्या मोज्यात बटण सेलची खेळणी आणि सुटे छोटे चुंबक घालू नका, गिळले तर सरळ हॉस्पिटल.

काढताना चिकट हुक स्वतःकडे ओढायचा नाही, माझा पोपडा आठवा. पट्टीचं खालचं टोक धरून भिंतीला चिकटूनच सरळ खाली, हळूहळू, रबरासारखी लांब होत सुटते. पट्टी फेकून द्या, हुक मात्र त्याच मोज्यात घालून ठेवा, नाहीतर पुढच्या डिसेंबरात अख्खं घर धुंडाळाल.