गोधडीच्या त्रिकोणी काठाची तयारी

घटस्थापनेच्या आधी सांगलीत घरोघरच्या गोधड्या कृष्णेच्या घाटावर धुवायला जातात. दगडावरचं ते धुणं सोसणारा काठ हवा असेल, तर निम्मं काम मशीनवर बसण्याआधीच करावं लागतं.

आधी कागद-पेन्सिल घ्या. मधला भाग तयार ६० बाय ९० इंच धरला आणि काठाला ३ इंची दुरंगी चौकोन (एक फिका आणि एक गडद त्रिकोण जोडून झालेले) लावले, तर लांब बाजूला ३०-३०, आखूड बाजूला २०-२० म्हणजे १०० चौकोन लागतात, शिवाय कोपऱ्यांचे ४ साधे. प्रत्येक बाजूची संख्या समच ठेवा. त्रिकोणांची टोकं मध्यावर उलटी फिरवता येतात आणि चारही कोपरे सारखे दिसतात. मधला भाग कापताना दोन्हीकडून शिलाईचे दोन-दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) धरायला विसरू नका.

एक फिका, एक गडद असे दोन चौकोन जोडले की दोन दुरंगी चौकोन मिळतात, म्हणून दोन्ही रंगांचे पन्नास-पन्नास तुकडे पुरतात. हिशेबाने कापायच्या तुकड्याचं माप ३ इंच ७ सूत येतं. मी पूर्ण ४ इंच कापते आणि शिवल्यावर साडेतीनवर छाटते, काठात जोडताना शिलाईत अर्धा इंच जाऊन तीनच उरतात. एक सूत जास्त गेलं तरी चालेल, कमी पडलेल्या तुकड्याला इलाज नाही. कापड पेठेत जाल तेव्हा ४४ इंच पन्ह्याचं सुती कापड प्रत्येक रंगाचं पाऊण मीटर घ्या. किनार सोडून एका पट्टीत दहा तुकडे बसतात, आटायलाही जागा राहते.

घरी आल्यावर कापड धुवा. लाल आणि मेहरून ओले असतानाच पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग उतरत असेल तर ते कापड काठाला नको, पांढऱ्या त्रिकोणांची वाट लागते. वाळलं की पातळ खळ द्या. ही पायरी कुणीही गाळू नये. तिरका काप म्हणजे उरेप, आणि उरेप कड हात लागला तरी ताणते. पहिल्या गोधडीच्या वेळी मी खळ दिली नव्हती, वर इस्त्री ओढत फिरवली. एका बाजूचा काठ दोन इंच लांब झाला, लाटा पडल्या. दोन दिवस उसवत बसले होते. तेव्हापासून इस्त्री फक्त ठेवते आणि उचलते.

मशीनला नवी १४ नंबरची सुई, टाका बारीक. सुईखालच्या पट्टीवर, सुईपासून दोन सुतांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे शिलाई हलत नाही. चौकोनावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खडूची रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन सूत सोडून शिवायचं आणि मग रेघेवर कापायचं. साडेतीन इंची पुठ्ठ्याचा साचा करून त्यावर तिरकी रेघ काढून ठेवा. छाटताना ती शिलाईवर बसली पाहिजे. शिलाई गडद कापडाकडे दाबा.

टाचण्या, उसवणी, धारदार कात्री हाताशी असू द्या. तयार चौकोन दहा-दहाच्या गड्ड्या करून दोऱ्यात ओवा. कोपऱ्यांचे चार तुकडे मात्र वेगळ्या डब्यात ठेवा. माझ्या डब्यात आजीच्या हिरव्या नऊवारीचे आहेत, तेही साडेतीन इंचच.