माहिती अधिकाराचे उत्तर एआयकडून लिहून घेताना

उत्तर उशिरा गेले तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम २० नुसार दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड जन माहिती अधिकाऱ्याला बसू शकतो. मसुदा कोणी टंकला, हे तिथे विचारात घेतले जात नाही.

साधन कार्यालयाने मान्य केलेलेच वापरा. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक नको म्हणून कळवले होते, ते माहिती बाहेर जाण्याच्या भीतीनेच.

आधी अर्ज कागदावर वाचा. आवक शिक्क्याची तारीख नस्तीवर (फाइलवर) लिहा. ३० दिवस तिथून मोजायचे. एआयला नुसता अर्ज दिला तर ते अर्जदाराच्या सहीखालची तारीख धरून बसते. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर कलम ६(३) खाली ५ दिवसांत हस्तांतरण करा आणि मोकळे व्हा.

मग संगणक उघडण्यापूर्वी प्रत्येक मुद्द्यापुढे पेनाने शेरा मारा: देय, अंशतः देय, नाकारायचे, अभिलेखात नाही. हा क्रम उलटा केला की घोळ होतो. सफाईदार मसुदा समोर आला की नस्ती उघडायचा कंटाळा येतोच.

तहसीलमधला नेहमीचा, फेरफाराचा (जमिनीच्या हक्कनोंदीतल्या बदलाचा) अर्ज घ्या. ‘फेरफाराची प्रत द्यावी. नोंद मंजूर व्हायला आठ महिने का लागले, ते कळवावे.’ पहिला मुद्दा सोपा: पाने मोजा, पानाला २ रुपये. दुसऱ्यावर एआय बिनदिक्कत लिहून देते, ‘कर्मचाऱ्यांच्या कमतरतेमुळे विलंब झाला.’ नस्तीत असे काहीच नसते, आणि सही झाली की तो कार्यालयाचा लेखी कबुलीजबाब! नस्तीत हरकत, सुनावणीचे रोजनामे (दर तारखेला काय झाले त्याच्या नोंदी) असतील तर त्यांच्या प्रती द्या. नसतील तर ‘अभिलेखात कारणाची नोंद नाही’ एवढेच. अभिलेखात नसलेली माहिती नव्याने तयार करून देणे बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे.

आता एआयला द्या ते शेरे, अर्ज नव्हे. नाव, पत्ता, मोबाइल, आधार काढून ‘अर्जदार’ लिहा. सूचना अशी: ‘खालील निर्णय बदलू नकोस. कलम, शासन निर्णय क्रमांक, तारीख स्वतःहून घालू नकोस. तिथे रिकामी चौकट सोड. कारणे, दिलगिरी, आश्वासन लिहू नकोस. वाक्ये साध्या मराठीत, मुद्दानिहाय.’ चौकटी आपण हाताने भरायच्या. एवढे सांगूनही एखादा शासन निर्णय क्रमांक मसुद्यात आलाच, तर मूळ प्रत हातात येईपर्यंत तो खोटाच समजा.

तपासणी दोघांनी करावी. एकाने नस्तीतून मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मसुद्यावर बोट ठेवायचे. स्कॅनवरून उचललेल्या आकड्यांत ५ चा ६, १ चा ९ होतो आणि गट नंबर भलत्याच शेतात जातो. ‘फेरफार’चे ‘बदल’ झाले नाही ना, तेही पाहा.

माहिती नाकारत असाल तर कलम ७(८) प्रमाणे कारण, अपिलाची ३० दिवसांची मुदत आणि प्रथम अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील हवाच. मसुद्यातून गळते ते बहुधा हेच.

प्रतींमधला खासगी तपशील पीडीएफवर काळी पट्टी ओढून झाकू नका. खालचा मजकूर कॉपी होऊन बाहेर येतो. छापा, झाका, झेरॉक्स काढून ती स्कॅन करा.

टिपणीवर शेवटी एक ओळ: मसुद्यासाठी एआय वापरले, अमुक दिनांकास मूळ नस्तीवरून पडताळले. खाली तपासणाऱ्या दोघांची आद्याक्षरे.