उस्तादाची सवय आणि बीएस-६ इंजिन : बसच्या डिझेल इंजिनावर नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’चे एक वर्ष किंवा ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ची दोन वर्षे काढलेल्या मुलाने पाहिलेले इंजिन स्टँडवर बसवलेले, अर्धे कापून रंगवलेले आणि थंडगार असते. डेपोत शिकाऊ उमेदवार म्हणून गेल्यावर समोर येते ते काळे, तापलेले आणि थोड्याच वेळात पुढच्या फेरीला निघायचे असलेले. शेजारी उस्ताद असतो. त्याचा कान इतका तयार असतो की गाडी गेटातून आत येतानाच तो टॅपेटचा आवाज ओळखतो. त्याच्याकडून शिकण्यासारखे खूप आहे, पण एक अडचण आहे. त्याचे हात जुन्या इनलाइन पंपाच्या इंजिनावर तयार झालेले असतात. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-६ या धुराच्या कडक मानकाच्या आहेत. एकाच शेडमध्ये दोन्ही पिढ्यांची इंजिने शेजारी शेजारी उभी असतात, आणि जुन्यावर चालून गेलेल्या कित्येक सवयी नव्यावर महागात पडतात, काही वेळा जिवावर बेततात. चालकाच्या सीटवर बसणाऱ्या नवख्यालाही हेच लागू आहे.

सगळ्यात धोक्याची सवय आधी. इंजिन मिस मारत असेल तर चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधायचे, ही जुनी रीत. जुनी नोझले साधारण २०० ते २५० बारला उघडतात. तिथेही हात जपूनच ठेवावा लागतो. बीएस-६ इंजिनात सगळ्या इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून, म्हणजे कॉमन रेलमधून, डिझेल मिळते आणि तिथे दाब १,६०० बार आणि त्याहून वर असतो. त्या दाबाची सुईसारखी धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, फारशी दुखतही नाही, आणि आत डिझेल पसरून बोट किंवा हात गमावायची वेळ येते. असे झाले तर मलमपट्टी करत बसू नका. ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि ‘जास्त दाबाचे डिझेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगा. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा पाइपाजवळून फिरवा, हात नाही. इंजिन बंद केल्यावरही रेलमधला दाब उतरायला दहा मिनिटे द्या. मिस कुठे आहे ते स्कॅनर सांगतो, तेवढ्यासाठी पाना लागत नाही.

डिझेल फिल्टर बदलतानाही तसेच. जुन्या गाडीत नवा फिल्टर डिझेलने भरून बसवायचा, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये एअर (हवा) कमी राहते. कॉमन रेलमध्ये कॅनमधून ओतलेले डिझेल गाळणीच्या पलीकडे, स्वच्छ बाजूला गेले तर त्यातला कचरा थेट पंपात आणि इंजेक्टरमध्ये जातो. तिथली फट केसापेक्षा कितीतरी बारीक असते. म्हणून फिल्टर कोरडा बसवायचा, रबर सीलला डिझेलचा हात लावायचा आणि हातपंपाने कडक लागेपर्यंत प्राइम करायचे, म्हणजे डिझेल भरून घ्यायचे. खांदा दुखतो, पण इंजेक्टरच्या संचापेक्षा ते स्वस्त पडते. स्टार्टर एका वेळी १५ ते २० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर एअर तशीच राहील आणि स्टार्टर जळेल. वॉटर सेपरेटरची तोटी रोज सकाळी, गाडी हलवण्याआधी, ग्लास लावून सोडा. रात्रभरात पाणी खाली बसलेले असते. स्वच्छ डिझेल आले की बंद. पावसाळ्यात आणि टाकी अर्धी ठेवून उभ्या केलेल्या गाडीत हे पाणी जास्त निघते.

पाणी की कूलंट

घाटात बंद पडलेल्या बसची कथा बहुतेक वेळा रेडिएटरपाशी सुरू होते. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग अँटिफ्रीझ कशाला, असे म्हणून बोअरचे पाणी ओतले जाते. गोठू न देणे हे कूलंटचे आपल्यासाठी सर्वात बिनमहत्त्वाचे काम आहे. ते उकळण्याचा बिंदू वर नेते आणि गंज रोखते. तिसरे काम फारसे कोणी सांगत नाही. सिलिंडर लायनर प्रत्येक स्फोटाबरोबर थरथरतो. त्या थरथरीने त्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातूला टाचणीएवढी भोके पाडत जातात. कूलंटमधली रसायने लायनरवर पातळ थर धरून हे थांबवतात. नुसत्या पाण्यावर चाललेल्या इंजिनाचा लायनर बाहेर काढला की एका बाजूला देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात. एखादे भोक आरपार गेले की पाणी चेंबरमध्ये उतरते. बोअरच्या पाण्यातला क्षार वेगळाच. तो हेडच्या (सिलिंडरच्या वरच्या झाकणाच्या) आत थर धरतो आणि उष्णता बाहेर येऊ देत नाही.

रेडिएटरच्या कॅपकडे कोणी पाहत नाही. ती झाकण नसून दाबाचा व्हॉल्व्ह आहे. कॅप साधारण ०.९ बार दाब धरते तेव्हा साधे पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळते. तिचे रबर कडक झाले तर सगळे ठीक असूनही इंजिन शंभरीला फेस काढते. ‘गाडी गरम होते’ म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकणे हा आणखी एक जुना उपाय. तो केला की इंजिन नेहमीच्या ८० ते ९५ अंशांवर लवकर पोचतच नाही. डिझेल नीट जळत नाही, ऑइल पातळ होते, आणि बीएस-६ गाडीत सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर भरतो. खरे कारण सहसा बाहेर असते: रेडिएटर आणि त्याच्या पुढचा इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा गार करणारी जाळी) यांच्या फटीत पाचट, कापूस, किडे यांची गादी बसलेली. ती कमी दाबाच्या पाण्याने इंजिनाच्या बाजूकडून बाहेर ढकलायची. जास्त दाब मारला की जाळीच्या पातळ पत्र्या आडव्या होतात. फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहा. साधारण १० ते १५ मिलिमीटर दबावा.

काटा लाल पट्ट्यात गेला तर? गाडी सुरक्षित जागी घ्या, एसी बंद करा, न्यूट्रलमध्ये ९०० ते १,००० आरपीएमवर ठेवा, म्हणजे कूलंटचा पंप आणि फॅन फिरत राहतील. मिनिटभरात काटा उतरू लागला तर ठीक. चढत राहिला, कूलंट सांडलेला दिसला किंवा ऑइलचा दाब पडला तर तत्काळ बंद. एक फसवणूक लक्षात ठेवा: कूलंट पूर्ण गेला की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा अचानक खाली येतो. चालक सुस्कारा सोडतो आणि पुढच्या दोन किलोमीटरमध्ये हेड जाते. रेडिएटरचा वरचा होज हाताने सहज दाबता येईपर्यंत कॅपला हात लावू नका. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका. हेडला तडा जातो.

ऑइल आणि हवा

डिपस्टिक सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी पाहायची. ऑइल काळे असणे हा दोष नाही. दोष वेगळे असतात: दुधाळ रंग म्हणजे कूलंट मिसळले, पातळी न भरता वाढली आणि डिझेलचा वास आला म्हणजे इंजेक्टर गळतो किंवा काजळीच्या फिल्टरची सफाई पुन्हा पुन्हा अर्धवट राहते. अशा ऑइलवर गाडी मार्गावर सोडू नका. ऑइलचा लाल दिवा लागला की तिथेच थांबायचे, पुढच्या थांब्यापर्यंत न्यायचे नाही. बीएस-६ गाडीत कंपनीने सांगितलेले कमी राखेचे, बहुधा सीके-४ दर्जाचे ऑइल लागते. स्टोअरमधल्या ड्रममधले जुन्या दर्जाचे ऑइल टाकले तर आज काही दिसत नाही. पण त्याची राख काजळीच्या फिल्टरमध्ये साठते, आणि काजळी जळते तशी राख जळत नाही.

एअर फिल्टर आपटून किंवा कंप्रेसरची नळी लावून साफ करणे सोडा. कागदाला पडलेली बारीक चीर डोळ्याला दिसत नाही, धुळीला सापडते. त्याहून वाईट म्हणजे फिल्टर आणि टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) यांच्यामधल्या होजचा सैल क्लॅम्प. चोंदलेला फिल्टर निदान काळा धूर काढून तक्रार तरी करतो. सैल क्लॅम्प मूठभर धूळ गुपचूप आत घेतो आणि रिंगा-लायनर खाऊन टाकतो.

चालू आणि बंद करण्यातही शिस्त हवी. चालू करताना ॲक्सिलरेटर दाबू नका, ऑइल टर्बोपर्यंत पोचायला मिनिटभर द्या. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. बंद करताना एक जोरदार रेस देऊन चावी फिरवणारे चालक अजून दिसतात. ऑइलचा पंप थांबतो, शाफ्ट फिरत राहतो, उरलेले ऑइल जळून कोळसा होतो. घाट चढून किंवा हायवेवरून आल्यावर दोन-तीन मिनिटे आयडलवर ठेवून मगच बंद करा. त्यापेक्षा जास्त नाही. थांब्यावर अर्धा-अर्धा तास आयडल हे नव्या इंजिनाला विषच आहे.

निळी टाकी आणि काजळीचा फिल्टर

बीएस-६ गाडीच्या निळ्या टोपणाच्या टाकीत भरायचे डीईएफ म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया. धुरातले विषारी वायू कमी करण्यासाठी ते सायलेन्सरमधल्या कॅटॅलिस्टआधी फवारले जाते. खताच्या दुकानातला युरिया बादलीत विरघळवला तर तो डीईएफ होत नाही. त्यातल्या अशुद्ध घटकांनी कॅटॅलिस्ट कायमचा निकामी होतो. चुकून डीईएफच्या टाकीत डिझेल गेले, किंवा उलट झाले, तर चावी ‘ऑन’सुद्धा करू नका. पंप फिरला की घाण सगळ्या लाइनमध्ये जाते. टाकी उतरवून धुणे तुलनेने स्वस्त आहे. आणि जुन्या शिस्तीतून आलेली एक चूक: गाडी उभी केली की लगेच बॅटरीचा मेन स्विच पाडायचा. बीएस-६मध्ये चावी बंद केल्यावर पंप लाइनमधला डीईएफ परत टाकीत ओढून घेतो. किमान दोन मिनिटे थांबून मगच मेन पाडा, नाहीतर नोझलवर पांढरे खडे जमतात. जमलेच तर कोमट पाण्याने विरघळतात, तारेने खरवडायचे नाहीत.

काजळीचा फिल्टर हायवेवर आतली काजळी जळून आपोआप साफ होतो. शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या फेऱ्यांवर तो भरतो आणि दिवा लागतो. दिवा लागल्यावर सफाई पूर्ण होऊ द्या. चार दिवस ढकलले तर इंजिन स्वतःच ताकद कमी करते. उभ्या गाडीत सफाई करताना सायलेन्सरमधला वायू ५५० ते ६०० अंशांपर्यंत जातो. म्हणून गाडी उघड्या, मोकळ्या जमिनीवर लावा. खाली वाळके गवत किंवा पाचट नको, शेडमध्ये नको, पिटवर तर मुळीच नको.

उतार

कसारा, खंबाटकी, कुंभार्ली, आंबोली, कोणताही घाट घ्या, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच किंवा त्याच्या खालच्या गिअरमध्ये उतरा, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी घ्या. मध्येच बदलायला गेलात आणि गिअर पडला नाही तर गाडी मोकळी सुटते. न्यूट्रल करून डिझेल वाचते हा समज कॉमन रेलमध्ये तर उलटा ठरतो: गिअरमध्ये पाय काढला की इंजेक्टर डिझेल देणे बंद करतात, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलपुरते डिझेल जळतच राहते. इंजिन बंद केले तर कंप्रेसर थांबून ब्रेकची हवा संपत जाते आणि स्टिअरिंग जड होते. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाचा वेग रोखणारा) लावा, पण आरपीएमवर नजर ठेवा. ईसीयू (इंजिनाचा संगणक) डिझेल तोडू शकतो, चाकांनी फिरवलेले इंजिन रोखू शकत नाही. लाल पट्ट्यात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. ब्रेकच्या हवेचा दाब आठ बारच्या आसपास असल्याखेरीज उतारावर गाडी घालू नका.

गाडीखाली जाताना

चाकांना ठोकळे, चावी स्वतःच्या खिशात, मेन स्विच पाडलेला, स्टिअरिंगवर ‘काम चालू आहे’ची पाटी. एअर सस्पेन्शनच्या गाडीखाली, बॉडीला घोडी (लोखंडी आधार) लावल्याशिवाय डोके घालू नका. हवा गेली की गाडी आवाज न करता खाली बसते. २४ व्होल्टच्या बॅटऱ्या सोडवताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. वेल्डिंगआधी बॅटरी आणि ईसीयूचे कनेक्टर काढा.

टर्बोचे सील जाऊन इंजिन स्वतःचेच ऑइल पिऊन ‘पळू’ लागले तर चावी उपयोगाची नसते. गाडी उभी असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडा, इंजिन दाबून बंद पाडा. जमले नाही तर सगळ्यांना खाली उतरवून दूर न्या. हवेचे तोंड बंद करायचे तर जाड फळीने. हाताने किंवा फडक्याने नाही. इंजिनकक्षातून धूर येत असेल तर बोनेट सताड उघडू नका, आगीला हवा मिळते. आधी प्रवासी, मग मेन स्विच, मग फटीतून अग्निशामकाची पावडर.

शेवटी बिघाडाची वही. ‘पिकअप नाही, पाहणे’ असे लिहिलेले पान मेकॅनिकला काहीच सांगत नाही; तो फिल्टर बदलतो आणि गाडी उद्या परत येते. त्याऐवजी असे लिहा: ‘तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चढावर ताकद कमी, काळा धूर, टर्बोजवळ शिट्टीसारखा आवाज, तापमान ठीक, दिवा नाही.’ एवढ्यावरून कोणीही आधी इंटरकूलरच्या होजला हात लावेल, आणि बहुतेक वेळा क्लॅम्प तिथेच निसटलेला सापडेल.