व्हर्च्युअल मशीनमधून रास्पबेरी पायची एसएसडी तयार केली

माझ्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाची सिस्टीम मेमरी कार्डावरून यूएसबी एसएसडीवर जशीच्या तशी हलवायची होती, आणि हाताशी लॅपटॉप विंडोजचा. विंडोजला कार्डाचं फॅट३२ बूट पार्टिशन (सुरू होण्याच्या फाइलींचा भाग) दिसतं. लिनक्सच्या एक्स्ट४ पद्धतीचं रूट पार्टिशन (मुख्य सिस्टीमचा भाग) वाचता येत नाही, उलट ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारतं. तिथे ‘नाही’च म्हणायचं.

म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारा प्रोग्रॅम) डेबियन लिनक्स टाकलं. मशीन बंद असतानाच यूएसबी ३.० कंट्रोलर निवडला, एसएसडी आणि कार्ड रीडर दोन्हींना फिल्टर लावले, म्हणजे ती थेट व्हर्च्युअल मशीनला जोडली जातात. (लॅपटॉपमधला रीडर बऱ्याचदा असा जोडता येत नाही, बाहेरचा यूएसबी रीडर बरा.) आत गेल्यावर आधी ‘एलएसबीएलके’, डिस्कांची यादी दाखवणारी आज्ञा. माझ्याकडे एसडीए ही मशीनची स्वतःची डिस्क होती; बाकीच्या आकारावरून ओळखल्या. इथे घाई नको.

जीपार्टेड या प्रोग्रॅमने एसएसडीवर दोन पार्टिशनं केली, सुडो (पूर्ण अधिकार) लावून आरसिंक या कॉपी करणाऱ्या आज्ञेने फाइली नेल्या. इथवर सोपं. खरी मेख पार्टयूयूआयडीत, म्हणजे पार्टिशनच्या ओळख क्रमांकात आहे. नव्या डिस्कचा तो वेगळा असतो. जुनाच राहिला तर कर्नल (सिस्टीमचा गाभा) चालू होतो आणि रूटची वाट बघत अडकतो. ‘बीएलकेआयडी’ने नवे क्रमांक काढून बूट पार्टिशनमधल्या सीएमडीलाइन फाइलीत (कर्नलला दिलेल्या सूचना) आणि रूटमधल्या एफएसटॅबमध्ये (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी), दोन्हीकडे बदलले. पायचे प्रोग्रॅम आर्म प्रोसेसरचे असल्यामुळे व्हर्च्युअल मशीनमध्ये ते थेट चालत नाहीत, पण साध्या मजकुराच्या फाइली बदलायला त्यांची गरजच नाही.

अनमाउंट करून एसएसडी काढली, पायला लावली. कार्ड नसलं की पाय ४ यूएसबीकडे वळतो. बूटलोडर (पाय सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) जुना असेल तर तेवढा आधी अद्ययावत करून घ्या.